सतरा नंबरचा व्हॉल्व्ह

छापखान्यासमोरचा खड्डा बुधवारी सकाळपर्यंत छातीइतका खोल झाला होता, आणि जे सापडायला हवं होतं ते सोडून त्यात बाकी सगळं सापडलं होतं. फुटकी बशी, टेलिफोनची मेलेली तार, गंजून फुगलेलं कुलूप आणि कुणाचा तरी डाव्या पायाचा बूट. व्हॉल्व्हचा पत्ता नव्हता.

गावच्या नगराध्यक्षबाई काठावर वाकून आत बघत होत्या. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या ह्याच नगरपालिकेच्या पाणीखात्यात इंजिनियर होत्या. एक दिवस, खुर्च्यांवर बसणाऱ्यांपैकी कुणाला तरी खरे आकडे माहीत असायला हवेत, असं म्हणून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि थेट निवडणुकीला उभ्या राहिल्या. पहिल्याच सभेत कुणीतरी ओरडलं, "आमच्या गल्लीत पाणी कधी येणार?" दुसरा कुठलाही उमेदवार 'लवकरच' म्हणून मोकळा झाला असता. बाई म्हणाल्या, "पाच चाळीसला. टाकी कमी भरली असेल तर पावणेसहाला. तिसऱ्या मजल्यावर चढणार नाही, ते आत्ताच सांगून ठेवते." लोक पोट धरून हसले आणि हसत हसत त्यांनाच निवडून दिलं. अजूनही त्यांच्या पिशवीत मोजायचा टेप असायचा, आणि त्यावरून विरोधकांचे टोमणे काही थांबत नव्हते.

भानगड तशी साधी होती. सोमवारी उतारावरची मोठी लाइन फुटली. ती जोडायची तर आधी पाणी बंद करायला हवं. नकाशा सांगत होता की छापखान्याच्या कोपऱ्यावर जमिनीखाली सतरा नंबरचा व्हॉल्व्ह आहे. तो फिरवला की फक्त उतारावरचा भाग बंद पडतो. तो सापडला नाही तर टाकीच्या पायथ्याचा नऊ नंबर बंद करावा लागणार, म्हणजे मोठ्या दवाखान्यासकट अर्धं गाव कोरडं. म्हणून तीन दिवस खोदाई चालली होती, आणि तीन दिवस पाणी धो धो उतारावरून वाहून चाललं होतं.

"डांबराखाली गेला तो," पाणीखात्याचे प्रमुख म्हणाले. बाईंच्या हाताखाली वाढलेला हा माणूस आता बोलताना घड्याळाकडे बघायला शिकला होता. "रस्ता झाला तेव्हा झाकण वर उचलून घ्यायचं काम चावीवाल्याचं. ह्यानं उचललं नाही. आणि दरवर्षी वहीत मात्र लिहितोय, सतरा नंबर तपासला, ठीक. चोवीस वर्षं ठीक! उद्याच्या सभेत निलंबनाचा प्रस्ताव ठेवलाय मी. चौकशी होईल, निवृत्तिवेतन अडकेल. त्याशिवाय ह्या लोकांना धाक बसत नाही."

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो खड्ड्यातच उभा होता. गावभरचे व्हॉल्व्ह उघडणारा आणि बंद करणारा तो चावीवाला. खांद्याइतकी उंच लोखंडी चावी ही त्याची एक ओळख, आणि दुसरी म्हणजे त्याचा कान. लोखंडी गज जमिनीला टेकवून दुसरं टोक कानाशी धरलं की कुठल्या घरासमोर गळती आहे ते तो सांगायचा, म्हणून सगळं गाव त्याला कानसेन म्हणायचं. त्याच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते.

"कानसेन," बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

त्याने वर पाहिलं. चेहऱ्यावर घाम, भुवयांवर माती. "मिळंल, बाई," तो म्हणाला, "नकाशात आहे म्हणजे आहे."

तो हे कुचकेपणाने म्हणाला नव्हता. सवयीने म्हणाला होता. पण हे वाक्य त्याचं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

"अध्यक्षबाई, तीन दिवस झाले," छापखानेवाले दारातून ओरडले. ते नगरसेवकही होते. पंचवीसांच्या सभागृहात बाईंच्या बाजूने तेरा मतं होती आणि तेरावं मत ह्या गृहस्थांचं होतं. "माझी गिऱ्हाइकं फळीवरून सर्कस करत येतायत. उद्या तुमच्या नव्या पाइपलाइनला हात वर करणार आहे, लक्षात आहे ना? तेवढ्यासाठी तरी हा खड्डा बुजवा."

"लक्षात आहे," बाई म्हणाल्या आणि नगरपालिकेकडे चालू लागल्या.

नव्या पाइपलाइनसाठीच तर त्या राजकारणात आल्या होत्या. जुन्या लाइन सडत चालल्या होत्या, वस्ती दुप्पट झाली होती. दोन वर्षं त्यांनी एकेका नगरसेवकाच्या घरी जाऊन, चहा पिऊन पिऊन पित्त वाढवून घेऊन, ही तेरा मतं जमवली होती. उद्या गुरुवारी अकरा वाजता मतदान होतं.

नकाशांची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या मागे होती. तिथला कुबट वास बाईंना तोंडपाठ होता. त्यांनी चोवीस वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढला. काम संपलं की जमिनीखाली प्रत्यक्षात काय बसवलं त्याचे नकाशे करतात. ठरवलं होतं ते वेगळं आणि झालं ते वेगळं असतं, म्हणून इंजिनियरने प्रत्येक शीट हातात घेऊन रस्त्यावर चालत जायचं, झाकणं उघडून डोळ्यांनी बघायचं आणि मगच सही करायची. तो नियम आहे. नियम पाळायला पाय दुखतात, एवढीच त्याची अडचण.

एकूण शीट बेचाळीस. बेचाळीस नंबरच्या शीटवर छापखान्याचा कोपरा, त्यावर सतरा नंबरचा व्हॉल्व्ह सुबक काढलेला, आणि खाली उजव्या कोपऱ्यात त्यांची सही. तारीख उद्घाटनाच्या आदल्या दिवसाची.

आठवायला कष्ट पडले नाहीत. त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. एकेचाळीस शीट त्यांनी पायी तपासल्या होत्या, टाचांना फोड येईस्तोवर. शेवटची राहिली होती. चौकात मांडव पडला होता, साहेब दर अर्ध्या तासाने "झालं का?" विचारत होते. आणि खरं सांगायचं तर साहेबांचा धाक हे निमित्तच. आपण काम वेळेत संपवलं, ह्याची मिजास होती त्यांना. टेबलावर बसून, मूळ आराखड्यावरून शीट उतरवून त्यांनी सही ठोकली आणि हात झटकले. कंत्राटदाराने तिथे एक व्हॉल्व्ह कमी पडला म्हणून सरळ पाइप जोडून टाकला असणार. पुढची चोवीस वर्षं त्या भागात लाइन एकदाही फुटली नाही. बाकीचं काम चोख झालं होतं, हीच पंचाईत.

आणि वर्षभरातच एकदा कानसेन टेबलाशी येऊन उभा राहिला होता. "बाई, सतरा नंबर सापडत नाही." त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं होतं, "नीट बघा. नकाशात आहे म्हणजे आहे." तेव्हापासून तो बिचारा दरवर्षी 'ठीक' लिहीत आला होता.

बाई शीट पसरून बसल्या होत्या तेवढ्यात नवी इंजिनियर मुलगी हातात गुंडाळ्या घेऊन आली. खात्यात लागून तिला दीड वर्ष झालं होतं. हुशार होती, कामसू होती, आणि बाईंना तिच्यात स्वतःचं तरुणपण दिसायचं, ह्याचं त्यांना कौतुकही वाटायचं.

"मॅडम, नव्या लाइनचे नकाशे. उद्यासाठी. बेचाळीसच्या बेचाळीस तयार."

बाईंनी वरची गुंडाळी उलगडली. रेघा स्वच्छ होत्या, अक्षर मोत्यासारखं. नवी लाइन जिथे जिथे जुन्या लाइनला जोडायची होती तिथे लाल खुणा होत्या.

"ह्यातल्या किती तू चालून पाहिल्यास?"

मुलीने पाय बदलला. "जवळजवळ सगळ्या."

"जवळजवळ हा आकडा नाही."

"तीस," मुलगी म्हणाली. तिचे कान लाल झाले. "बारा राहिल्या, मॅडम. तुम्ही महिनाअखेरची तारीख दिली होती. मी दोनदा विचारलं, तुम्ही म्हणालात मतदान हातचं जाईल. मग त्या बारा मी जुन्या नकाशांवरून घेतल्या. मला वाटलं... त्यांच्यावर तुमची सही आहे. म्हणजे बरोबरच असणार."

बाईंना रागवायला तोंडच राहिलं नाही. चोवीस वर्षांपूर्वी साहेब दर अर्ध्या तासाने येऊन उभे राहायचे; आता तेच काम त्या स्वतः करत होत्या, आणि बहुधा जास्त चांगलं करत होत्या. त्यांना स्वतःची मनापासून चीड आली.

"बस," त्या म्हणाल्या. "तुला एक शीट दाखवते." आणि त्यांनी बेचाळीस नंबर तिच्यासमोर सरकवली, आणि काय झालं होतं ते काहीही न लपवता सांगितलं. शेवटी मुलीने एवढंच विचारलं, "मग आता त्या काकांचं काय?"

संध्याकाळी पाचला बाई चावीवाल्यांच्या खोलीत गेल्या. टाकीखालची ती खोली. भिंतीला चाव्या टेकवलेल्या, फळीवर वह्यांची चळत. कानसेन एका बादलीत हात धूत होता.

"कानसेन, पहिल्या वर्षाची वही कुठाय?"

"वाळवीनं खाल्ली, बाई."

"बाकीच्या तेवीस बऱ्या राहिल्या. वाळवीला नेमकी तीच आवडली?"

तो हात पुसत राहिला. "त्या वहीत मी खरं लिहिलं होतं, 'सापडत नाही'. आणि बाजूला तुमच्या अक्षरात, 'नकाशात आहे. पुन्हा पाहावे.' खाली सही तुमची. आता ती दाखवून मी काय मिळवू? नवी लाइन व्हायला पाहिजे, बाई. मी रोज गज लावून ऐकतो, आतून सगळी बोंब आहे. हे काम तुमच्याशिवाय कुणी करणार नाही. माझे काय, चार महिने. कुठंतरी भागवीन."

"नुसते चार महिने नाहीत. निवृत्तिवेतन अडकेल. घरी बायकोचं डायलिसिस चालू आहे तुमच्या."

"ते माझं मी बघीन."

"तुम्ही ते दरवर्षी 'ठीक' का लिहिलंत?"

पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा चढला. "तुम्ही सांगितलं म्हणून! इंजिनियर म्हणतो आहे, तर मी कोण नाही म्हणणारा? दहा वर्षं मी तिथं गज लावून ऐकायचो. व्हॉल्व्ह असला की पाण्याचा आवाज अडखळतो. तिथं सरळ जायचा. मला वाटायचं, आपलाच कान गेला."

बाईंच्या लक्षात आलं, ज्या माणसाला गाव कानसेन म्हणतं त्याला आपण दहा वर्षं स्वतःच्या कानावर संशय घ्यायला लावला. त्या नुसत्या मान हलवून बाहेर पडल्या.

घरी जेवायला बसल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. नवरा दातांचा डॉक्टर. दुखरी गोष्ट सांगितली की त्याचा पहिला विचार ती कशी पुढे ढकलता येईल हाच असायचा.

"उद्या मतदान होऊ दे," तो म्हणाला. "परवा सांग. दोन दिवसांत काही शिळं होत नाही."

"उद्या त्याला निलंबित करतील."

"परवा परत घे. अध्यक्ष आहेस की नाही?"

"आणि त्या बारा शीट? उद्या त्यांच्यावर मतदान झालं की त्या खऱ्या होऊन बसतात. माझी एक चोवीस वर्षं खरी होती. ह्या तर बारा आहेत."

नवऱ्याने भाताचा घास तसाच हातात धरला. सासूबाई वाढत होत्या. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. त्यांचा प्रश्न नेहमी मागच्या बाकापर्यंत पोचायचा.

"तुला ती खुर्ची आवडायला लागलीय का गं?"

"हो. आवडते," बाई म्हणाल्या. "मी शब्द टाकला की गोष्टी हलतात. नोकरीत असताना मी पंधरा वर्षं एका पंपासाठी अर्ज लिहीत होते. हे सोडायचं माझ्या जिवावर येतंय, आई."

"मग उद्या अकरापर्यंत बसून घे त्यावर," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेच्या ताटात भात वाढला.

गुरुवारी सभागृह खच्चून भरलं होतं. पहिला विषय चावीवाल्याचं निलंबन. दाराजवळच्या बाकावर कानसेन अंग चोरून बसला होता, मांडीवर कापडी पिशवी. खातेप्रमुखांनी तीन मिनिटांत प्रस्ताव वाचून संपवला, घड्याळ बघून.

"ह्या प्रस्तावात एक चूक आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या, म्हणून सगळे जरा सावरून बसले. "सतरा नंबरचा व्हॉल्व्ह डांबराखाली गेलेला नाही. तो तिथे कधी नव्हताच. चोवीस वर्षांपूर्वी मी ती शीट न बघता सही केली. नकाशा खोटा आहे, आणि तो मी केलेला आहे."

विरोधी बाजूचे वकील उठले. बाईंना वाटलं, आता हा मनुष्य आनंदाने टुणकन उडी मारणार. पण वकिलाची जात. सरळ पडलेली गोष्ट त्यांना कधी सरळ दिसायची नाही.

"वा!" ते म्हणाले. "काय पण नाटक! अहो, सगळे पालिका कामगार एकगठ्ठा मत देतात, त्यांना खूश करायला अध्यक्षबाईंनी आळ स्वतःवर ओढून घेतला! पुरावा काय?"

"मी सांगतेय ना."

"आपण काहीही सांगाल. मी पुरावा मागतोय."

"सभागृहाची दिशाभूल होऊ नये," खातेप्रमुखांनी दुजोरा दिला. "त्या नकाशावर मॅडमची सही आहे. त्यांची सही म्हणजे काम चोख. हे आख्ख्या खात्याला माहीत आहे."

बाईंना एरवी हसू आलं असतं. जन्मात पहिल्यांदा त्या स्वतःच्या चुकीसाठी भांडत होत्या आणि कुणी ती पदरात घ्यायला तयार नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"कानसेन, वही द्या."

"वाळवीनं..." तो पुटपुटला.

"तुमच्या पिशवीत आहे. तुम्ही सकाळपासून ती पिशवी खाली ठेवलेली नाही. द्या इकडे. माझ्यासाठी मागत नाहीये. तुमचा कान बरोबर होता, एवढं एकदा ह्या सभेत लिहून घेऊ द्या."

कानसेन उठला. पिशवीतून जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली वही निघाली. ती हातोहात वकिलांपर्यंत गेली. त्यांनी पान उघडलं, चष्मा वर केला, खाली केला. बाजूच्या समासात निळ्या शाईत तिरकं, तरुण, ताठर अक्षर होतं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचता त्यांच्याच लक्षात आलं की आपल्या हातात काय आलं आहे.

मग जो काही गदारोळ उडाला तो विचारू नका. बाकं बडवली गेली, 'राजीनामा, राजीनामा' झालं. बाईंनी ते दोन मिनिटं होऊ दिलं आणि मग टेबलावर टेप आपटला. एवढासा धातूचा डबा, पण आवाज चांगला झाला.

"निलंबनाचा प्रस्ताव मागे," त्या म्हणाल्या. खातेप्रमुखांनी मान डोलावली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. "दुसरा विषय नवी पाइपलाइन. तो मी आज मतदानाला ठेवत नाही. तिच्या बेचाळीस शीटपैकी बारा जागेवर जाऊन पाहिलेल्या नाहीत, आणि त्याला कारण मी दिलेली तारीख. बाकीच्या तीससुद्धा पुन्हा बघणार. सगळं डोळ्यांनी बघून झाल्याशिवाय ह्यावर कुणी हात वर करू नये, माझ्या बाजूच्यांनीही नाही."

छापखानेवाले ताडकन उठले. "बाई, मी माझ्या गटाशी वैर घेऊन तुमच्याकडे आलो. घरात बोलणी खाल्ली. आणि आता तुम्हीच म्हणता तुमच्या नकाशावर भरवसा ठेवू नका? मग मी मत द्यायचं कशाला आणि कुणाला?" ते बाकांच्या मधून चालत गेले आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. तेरावं मत गेलं. जाताना त्यांचा चेहरा रागावण्यापेक्षा दुखावलेला होता, आणि बाईंना ते फार लागलं.

पंधरा मिनिटांत अविश्वासाच्या ठरावाची नोटीस टेबलावर आली. तेरा सह्या. मतदान अकराव्या दिवशी, सोमवारी.

"राजीनामा देऊन टाका, शोभेल," वकील म्हणाले.

"देणार नाही," बाई म्हणाल्या. "चूक मी बसून केली, ती चालून निस्तरणार आहे. माझ्याकडे दहा दिवस आहेत. रोज चार शीट म्हणजे चाळीस. दोन उरतात, त्या अकराव्या दिवशी सकाळी. सभा अकराला आहे ना? मग जमतं. खुर्चीवर नंतर कुणीही बसो, त्याच्या हातात खरा नकाशा पडेल." त्यांनी नोटीस घडी करून टेपखाली ठेवली. "आणि उद्या सकाळी सहा ते दोन अर्धं गाव बंद. दवाखान्याला टँकर लावलेत, मी स्वतः जाऊन सांगून आले. खड्डा तयारच आहे. त्यात सतरा नंबरचा व्हॉल्व्ह बसेल."

शुक्रवारी उजाडता उजाडता कानसेनने नऊ नंबर बंद केला. उतारावरचं वाहतं पाणी हळूहळू बारीक झालं आणि थांबलं. एक टोळी फुटलेली लाइन जोडायला गेली, दुसरी छापखान्यासमोर उतरली. पाइप कापला गेला. आत सरळ, एकसंध लोखंड होतं. चोवीस वर्षं त्यातून पाणी न अडखळता गेलं होतं, अगदी कानसेन सांगत होता तसं. नवी इंजिनियर मुलगी खड्ड्यात उतरून मापं घेत होती. तिच्या बुटांना चिखल लागला होता आणि तिच्या बाजूला शीट एकपासून चारपर्यंत ओल्या होऊन पडल्या होत्या. ती पहाटेच मोहिमेवर निघाली होती.

दीड वाजता शेवटचा बोल्ट आवळला गेला. दोन वाजता नऊ नंबर उघडून कानसेन परत आला. त्याने लोखंडी गज पाइपला टेकवला, दुसरं टोक कानाशी धरलं, डोळे मिटले.

"अडखळतंय," तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस लाजल्यासारखा हसला.

छापखानेवाले दारात येऊन उभे होते. कालपासून बोलणं बंद. "आता तरी बुजवणार ना?" त्यांनी हवेला विचारलं.

"आधी तुम्ही बघून घ्या," बाई म्हणाल्या.

"मी कशाला?"

"तुमच्या दारात आहे म्हणून. उद्या कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका. 'मी पाहिलाय' म्हणून सांगा."

ते कुरकुरत काठाशी आले आणि वाकले. बराच वेळ वाकून राहिले. "आहे," ते म्हणाले आणि आत गेले. दहा दिवसांनी ते हात कुठल्या बाजूला वर करणार, हे त्यांच्या पाठीवरून काही कळत नव्हतं.

कानसेनने ह्या वर्षीची वही उघडली. नंबरांची यादी छापलेली होती. तो सतराच्या ओळीवर पेन टेकवून थांबला. सवयीने त्याचा हात 'ठी'ची सुरुवात करायला निघाला होता.

"काय लिहू, बाई?"

"तुम्ही काय पाहिलंत?"

त्याने विचार केला आणि सावकाश, अक्षर अक्षर दाबत लिहिलं: 'सतरा नंबर. आज बसवला. ह्याआधी नव्हता.' मग वही आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. "इथं सही."

बाईंनी पेन घेतलं नाही. चपला काढून काठावर ठेवल्या आणि शिडीवरून सावकाश खड्ड्यात उतरल्या. गुडघे कुरकुरले. खाली गुडघ्यांवर बसून त्यांनी व्हॉल्व्हवरून हात फिरवला. थंड, ओला, खरा. दोन्ही बाजूंचे बोल्ट बोटाने एकेक करून मोजले. आठ आणि आठ.

मग त्यांनी हात वर केला. "आता द्या ती वही," त्या म्हणाल्या.